वेरूळचे कैलास लेणे : शिल्पवैभव आणि धम्मदृष्टी

वेरूळला जाणारी आपली धम्मयात्रा दहाव्या लेण्यात वंदना घेते, तीन ताल पाहते आणि सोळाव्या क्रमांकाच्या कैलास लेण्यासमोर येऊन थबकते. तेथे आपल्या मंडळींच्या दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. काही जण ‘हे आपले नव्हे’ असे म्हणून बाहेरूनच परततात. दुसरे काही ‘हेही मूळचे बौद्धच, मागाहून बळकावलेले’ असे ठामपणे सांगतात. इकडे पर्यटकांसाठी लिहिलेल्या पुस्तिकांत कैलास हेच वेरूळचे सर्वस्व मानलेले असते आणि बारा बौद्ध लेणी त्याची पूर्वतयारी म्हणून दोन ओळींत आटोपलेली असतात. आमच्या मते या तिन्ही भूमिका कैलासाकडे नीट पाहण्याचे टाळतात. जे आपले नाही त्याचेही परीक्षण डोळसपणे करता आले पाहिजे. तथागतांनी दिलेली परीक्षणाची दृष्टी केवळ स्वतःच्या वारशापुरती नाही.

प्रथम कालक्रम स्पष्ट करणे अगत्याचे आहे. वेरूळच्या चौतीस लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ ब्राह्मणी आणि ३० ते ३४ जैन आहेत. हे क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे दिलेले असून ते काळाचा क्रम दाखवीत नाहीत. रामेश्वर (२१) आणि धुमार लेणे (२९) ही सहाव्या शतकातील शैव लेणी येथील बौद्ध लेण्यांच्या आधीची आहेत, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. बौद्ध लेणी साधारणतः सातव्या शतकात व आठव्याच्या पूर्वार्धात कोरली गेली. कैलास त्यानंतरचे. त्याचा मुख्य भाग राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (सु. इ.स. ७५६ ते ७७३) याच्या कारकिर्दीत झाला, असे ताम्रपटाच्या आधारे मानले जाते. हर्मान गोएट्झ यांनी १९५२ मध्ये हे काम अनेक राजवटींत टप्प्याटप्प्याने झाल्याचे मत मांडले; मधुकर ढवळीकर यांनी पुढे मुख्य मंदिराचे श्रेय कृष्णालाच दिले.

वास्तूची घडण

कैलास हे रूढ अर्थाने लेणे नव्हे. डोंगराच्या पोटात शिरून पोकळी कोरण्याऐवजी येथे डोंगराच्या माथ्यावरून खाली उतरत तीन बाजूंनी खंदक खणले गेले, मध्ये एक प्रचंड शिलाखंड सुटा ठेवला गेला आणि त्यातून अख्खे मंदिर घडविले गेले. हे आवार सुमारे २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद असून मागील कडा १०७ फुटांपर्यंत उंच आहे. काढून टाकलेल्या दगडाचा अंदाज दोन लाख टनांच्या आसपास सांगितला जातो. पश्चिमेकडील दुमजली गोपुरातून आत शिरल्यावर गजलक्ष्मी समोर येते. त्यापुढे नंदीमंडप, दोन्ही बाजूंस दगडी हत्ती व उंच ध्वजस्तंभ, मग सोळा खांबांचा सभामंडप, अंतराळ आणि शिवलिंगाचे गर्भगृह अशी रचना आहे. गर्भगृहावर द्राविड पद्धतीचे विमान चढत जाते. हे सर्व एका उंच जोत्यावर आहे आणि ते जोते हत्ती-सिंहांच्या रांगांनी पाठीवर पेलल्यासारखे दाखविलेले आहे.

या वास्तूची वंशावळ दुहेरी आहे. तिचा बाह्य आकार दक्षिणेकडून आला. कांचीचे कैलासनाथ मंदिर, त्यावरून स्फूर्ती घेतलेले पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर आणि त्याच्याशी जुळणारे वेरूळचे कैलास, हा क्रम आता सर्वमान्य आहे. अखंड शिळेतून मंदिर बाहेर काढण्याची कल्पनाही मामल्लपुरमच्या रथांत सातव्या शतकात दिसते. परंतु आकार उसना आणता येतो, कसब तसे आणता येत नाही. सह्याद्रीचा काळा दगड कसा फुटतो, पाणी कोठून झिरपते, वरून खाली काम कसे उतरवावे, हे ज्ञान या प्रदेशात भाजे, कार्ले, जुन्नर, नाशिक, कान्हेरी आणि अजिंठा येथील लेण्यांतून जवळजवळ आठ-नऊशे वर्षे साठत आले होते. आधी छत पूर्ण करावयाचे आणि मग खाली उतरावयाचे, ही पद्धत अजिंठ्याच्या अपुऱ्या राहिलेल्या लेण्यांत आजही डोळ्यांनी पाहता येते. त्यात परांचीची गरज कमी पडते. मात्र छिन्नीची एक चूकही भरून काढता येत नाही. कैलासाच्या कारागिरांचा आत्मविश्वास या दीर्घ परंपरेवर उभा आहे. तिचा फार मोठा भाग बौद्ध लेण्यांनी घडविला, ही गोष्ट कैलासाचे कौतुक करणाऱ्यांनी विसरू नये.

पोकळी आणि घनता

तरीही दोन्हींचे प्रयोजन परस्परविरुद्ध आहे. बौद्ध लेण्यात शिल्पकार दगड काढून टाकतो तो माणसाला बसण्यासाठी, झोपण्यासाठी, ऐकण्यासाठी जागा व्हावी म्हणून. पाचव्या लेण्याचा लांबलचक दालनातील दोन ठेंगण्या दगडी बाकांच्या ओळी पाहाव्यात. भिक्खूंच्या पंगती किंवा पठणासाठी समोरासमोर बसलेला संघ तेथे आपोआप डोळ्यांपुढे येतो. दहाव्या लेण्यात, म्हणजे वेरूळच्या एकमेव चैत्यगृहात, छताच्या दगडी फासळ्या लाकडी बांधणीची आठवण जपतात आणि सारा अवकाश स्तूपाकडे व त्यापुढे बसलेल्या बुद्धमूर्तीकडे वळतो. तेथे उच्चारलेला स्वर बराच वेळ घुमत राहतो.

कैलासात दगड काढला तो उरलेल्या दगडाचा डोंगर दिसावा म्हणून. एवढ्या आवाराच्या मानाने गर्भगृह लहान आहे. बाकीचे सर्व बाहेरून पाहण्यासाठी आहे, खालून वर पाहण्यासाठी आहे. पूर्वी या मंदिरावर चुन्याचा पांढरा लेप होता. त्याच्या खुणा अजून दिसतात आणि ‘रंगमहाल’ हे त्याचे लोकप्रचलित नावही त्याची साक्ष देते. हिमाच्छादित कैलास पर्वत उभा करण्याचा हेतू यातून स्पष्ट होतो. विहार हे संघाचे घर आहे. कैलास हे देवाचे आणि त्याला उभारणाऱ्या राजसत्तेचे वैभव आहे. शिल्पाच्या यशाबद्दल आमचा वाद नाही. मात्र ज्या पुस्तिका कैलासाला लेणीकलेची परिणती म्हणतात त्या एका कसबाची परिणती आणि एका प्रयोजनाचा त्याग या दोन गोष्टींत गल्लत करतात.

अंगठा आणि बोट

कैलासाचे प्रतीकविश्व समजून घेण्यासाठी दक्षिणेकडील रावणानुग्रहाचे शिल्प पुरेसे आहे. तळाशी अंधाऱ्या पोकळीत बहुभुज रावण सर्व ताकदीनिशी पर्वत हलवितो आहे. वर पार्वती शिवाच्या बाहूला बिलगली आहे, दासी घाबरून पळते आहे, आणि शिव निश्चल राहून केवळ पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबतो. भारतीय शिल्पकलेतील हा एक श्रेष्ठ प्रसंग आहे आणि रावणाच्या पाठीतील ताण कोरणारा हात कोणाचा होता, हे जाणून घेण्याची इच्छा आम्हांसही होते. पण यातील विचार कोणता? खालून आलेला हादरा हा उपद्रव ठरतो. वरच्याची शांती तो दाबून टाकण्यात आहे. खाली दबलेल्याने शरण जावे, मग त्याच्यावर कृपा होते. शिल्पाच्या नावातला ‘अनुग्रह’ हा शब्दच हे सांगतो.

याच डोंगरात ११ व १२ क्रमांकांच्या लेण्यांत भूमिस्पर्श मुद्रेतील बुद्ध आहेत. तेथेही संकट आहे, मारसेना आहे. परंतु तथागत कोणाला पायाखाली घेत नाहीत. ते हाताचे बोट जमिनीला लावतात आणि तिला साक्षीला बोलावतात. एका शिल्पात अंगठा भूमीला दाबतो, दुसऱ्यात बोट भूमीला विचारते. दोन धर्मदृष्टींतील अंतर यापेक्षा कमी जागेत दाखविणे कठीण आहे.

येथे एक प्रामाणिक कबुलीही दिली पाहिजे. आठव्या शतकातील बौद्ध लेणीही भाजे-कार्ल्याइतकी साधी राहिलेली नव्हती. सिंहासने, परिवारदेवता, तारा, बोधिसत्त्वांच्या रांगा यांनी ती भरून गेली होती आणि भिक्खूच्या कोठडीपेक्षा मूर्तीच्या गाभाऱ्याला महत्त्व येत चालले होते. कैलास समोर उभे राहत असताना बौद्ध लेणी उपासकांपासून दुरावत होती काय, हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारला पाहिजे.

नावे कोणाची?

इ.स. पहिल्या शतकाच्या सुमारास पूर्ण झालेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकटचे यवन आहेत, सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे आणि सामी नावाचा सुतारही आहे. सुतार स्वतःच्या नावाने दान देतो आणि ते दगडावर कायम राहते, ही साधी गोष्ट नव्हे.

कैलासाची हकिकत वेगळी आहे. इ.स. ८१२-१३ च्या बडोदा ताम्रपटात एलापूरच्या मंदिराचे वर्णन येते. विमानांतून जाणारे देव ते पाहून थक्क झाले आणि खुद्द ते घडविणाऱ्या शिल्पीलाही ‘हे माझ्या हातून कसे झाले’ असे आश्चर्य वाटले, असा त्याचा आशय आहे. ताम्रपटाने शिल्पीचे आश्चर्य नोंदविले, नाव नोंदविले नाही. नाव आहे ते कृष्णराजाचे. पुढे कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त शिखर पाहिल्याशिवाय अन्न न घेणाऱ्या माणिकावती राणीची कथा आली आणि तिच्यात पैठणच्या कोकास या शिल्पीला नाव मिळाले. राजाच्या ताम्रपटाने जे दिले नाही ते लोककथेने दिले. हजारो हातांपैकी एका हाताला मिळालेले हे नावही कथेतले आहे.

बळकावल्याचा दावा

कैलास मूळचे बौद्ध होते, या विधानाला वास्तूत आधार नाही. विहाराचा आराखडा, स्तूप किंवा बदललेली बुद्धमूर्ती यांपैकी काहीही तेथे सापडत नाही. शेजारच्या पंधराव्या दशावतार लेण्याचा प्रश्न निराळा आहे. त्याचे विहारासारखे दालन पाहून ते बौद्धांनी सुरू केलेले असावे, असे काही अभ्यासकांनी म्हटले आहे. तेथे राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा लेखही आहे. तो विषय पुराव्यानिशी जरूर अभ्यासावा. पण जेथे पुरावा आहे तेथील चर्चा गंभीरपणे व्हावयाची असेल, तर जेथे पुरावा नाही तेथे दावा सोडण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला दिलेली अभ्यासाची शिस्त हीच आहे.

आपला खरा दावा कैलासाच्या मालकीवर नसून वेरूळच्या स्मृतीवर आहे. बौद्ध लेण्यांचे धम्मनाव विसरले गेल्यावर आसपासच्या लोकांनी पहिल्या काही लेण्यांना ‘ढेडवाडा’ आणि पाचव्या लेण्याला ‘महारवाडा’ म्हणण्यास सुरुवात केली. पावसापाण्यात महार मंडळी तेथे आसरा घेत, म्हणून हे नाव पडले असे सांगितले जाते. भिक्खुसंघाच्या दालनात गावकुसाबाहेरच्या माणसाला छप्पर मिळाले, आणि नाव मात्र तुच्छतेचे मिळाले. १९३४ मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यासाठी निघाले असता दौलताबादच्या किल्ल्याशी हौदाच्या पाण्याने तोंडहात धुतल्यावरून त्यांना ‘ढेडांनी पाणी बाटविले’ हेच शब्द ऐकावे लागले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या लेखनात तो प्रसंग आहे. लेण्याला चिकटलेला शब्द आणि लेणे पाहण्यास निघालेल्या माणसावर फेकलेला शब्द एकच होता.

म्हणून आमचे उपासक-उपासिकांना सांगणे आहे की कैलासासमोरून पाठ फिरवून जाऊ नका आणि त्याला आपले म्हणण्याचा खोटा आटापिटाही करू नका. तेथे थांबा, त्या अनाम हातांचे कसब पाहा, अंगठ्याखाली दबलेला रावण पाहा. मग परत दक्षिणेकडे चालत पाचव्या लेण्यात या आणि त्या ठेंगण्या बाकांवर थोडा वेळ बसा. बसण्यासाठी कोरलेली ती जागा आहे.