मनोराज्यातील पात्रयोजना

एखादा चित्रपट मनात रेंगाळू लागला की रसिकाच्या डोक्यात एक खेळ नकळत सुरू होतो. हीच कथा संगीत नाटक होऊन रंगभूमीवर आली, तर तिच्यातील भूमिका कोणाकोणाला द्याव्यात? ह्या खेळात हयात आणि दिवंगत असे सर्व नट आपल्या आज्ञेत असतात. कोणाची तारीख अडत नाही, कोणाचे मानधन थकत नाही, आणि दोन मानी गायकनट एका रंगपटात बसण्यास नकार देत नाहीत. टीकाशास्त्राने ह्या खेळाची दखल घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ती घ्यावी असे मला वाटते. मात्र नावांची यादी म्हणजे टीका नव्हे. अमक्याला ही भूमिका का द्यावयाची आणि तमक्याला का नाकारावयाची, हे सांगताना आपण मूळ कृतीचा जो अर्थ लावतो, तो टीकेचा विषय होय. त्यातही नकार अधिक बोलका असतो.

अशा बहुतेक याद्या चेहऱ्यांच्या असतात. ‘मुघल-ए-आझम’चे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. के. आसिफ यांचा हा चित्रपट १९६० साली प्रदर्शित झाला. पण त्याची पहिली जुळणी निराळी होती. तीत चंद्रमोहन अकबर होते आणि नर्गिस अनारकली. १९४९ साली चंद्रमोहन निवर्तले आणि ती जुळणी मोडली. म्हणजे ज्या पात्रयोजनेला आज आपण अपरिहार्य मानतो, तीही एका विस्कटलेल्या मनोराज्यावरच उभी आहे. आता ह्या कथेचे संगीत नाटक करावयाचे, तर मधुबालेच्या जागी कोण? प्रश्न असा मांडला की उत्तर सौंदर्याच्या दिशेने धावते. वस्तुतः पडद्यावरची अनारकली एक स्त्री नव्हेच. तिची काया मधुबालेची आणि तिचा कंठ लता मंगेशकरांचा. पार्श्वगायनाने जे दोघींत वाटून दिले, ते रंगभूमीला एकीच्याच ठायी हवे असते. फिरोज अब्बास खान यांनी २०१६ साली मुंबईत हे नाटक उभे केले, तेव्हा अनारकलीची भूमिका प्रियांका बर्वे आणि नेहा सरगम ह्यांनी आलटून पालटून केली, आणि गाणी रंगमंचावर प्रत्यक्ष गायिली. प्रियांका बर्वे ह्यांची मूळ ओळख गायिकेची आहे. दिग्दर्शकाने चेहरा न शोधता गळा शोधला, आणि माझ्या मते योग्य केले.

उलट दिशेचा प्रवास पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. ‘कट्यार काळजात घुसली’ हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्यातील खाँसाहेब म्हणजे डॉ. वसंतराव देशपांडे. त्यांची तान आणि त्यांचा अहंकार ह्यांत फट दाखविता येत नसे, कारण दोन्ही एकाच छातीतून निघत. २०१५ साली त्याचा चित्रपट झाला, तेव्हा खाँसाहेबांचा देह सचिन पिळगावकरांचा आणि गळा राहुल देशपांडे ह्यांचा झाला. चित्रपट लोकांना आवडला, मलाही आवडला. परंतु त्या खाँसाहेबांवर उद्या कोणी पुन्हा नाटक रचू म्हणेल, तर त्याने ह्या दोघांपैकी कोणाला बोलवावे? ‘बालगंधर्व’ (२०११) चित्रपटाविषयीही हेच. तेथे रूप सुबोध भावे ह्यांचे आणि गायन आनंद भाटे ह्यांचे. पडद्यावर बेरीज साधली; रंगभूमीला ही बेरीज ठाऊक नाही.

माझ्या मनोराज्यात वर्षानुवर्षे एकच नाटक ठाण मांडून बसले आहे : प्रभातचा ‘संत तुकाराम’. दामले आणि फत्तेलाल ह्यांनी दिग्दर्शित केलेला हा १९३६ चा चित्रपट. त्याची रंगावृत्ती करावयाची तर पहिली अडचण गरुडाची. वैकुंठगमनाचा तो प्रवेश कॅमेऱ्याच्या युक्तीने साधला होता. रंगमंचावर तारांनी ओढलेला गरुड हास्यास्पद ठरेल. तो गाळावा. खरी अडचण पात्रयोजनेची आहे.

चित्रपटाच्या आरंभी एक अभंग तुकोबा गातात, आणि तोच अभंग पुढच्याच दृश्यात सालोमालो स्वतःचा म्हणून, नटवून, हरकती घेऊन गातो. शब्द तेच आणि गाणारे दोन. सगळ्या चित्रपटाचा वाद ह्या दोन गायनांत सामावला आहे, आणि तो संवादांनी न मांडता गायकीने मांडला आहे. आता सामान्य यादी काय करील? तुकोबांसाठी पंडित भीमसेन जोशी, असे ती तत्काळ लिहील. ‘संतवाणी’ ज्यांनी ऐकली आहे त्यांना ह्यात वावगे वाटणार नाही. मला वाटते. त्या गळ्याचे सामर्थ्य असे की विठ्ठलाचे नाव घेताच सभागृह भरून जाते, आणि तुकोबा तर गावात, ओट्यावर, स्वतःशीच गात आहेत. विष्णुपंत पागनिसांच्या गाण्यात मैफल नव्हती. ते बोलता बोलता गाऊ लागत आणि गाता गाता बोलण्यावर येत. केशवराव भोळ्यांच्या संगीताने हा सांधा कोठेही दिसू दिला नाही. मोठा आवाज सालोमालोचा हवा. म्हणून माझ्या नाटकात सालोमालो डॉ. वसंतराव देशपांडे आहेत. हे ऐकून काही मित्र रागावले. खलपुरुषाला एवढा गायक? मी म्हणतो, एवढा गायक नसेल तर तुकोबांचा विजय स्वस्त होईल. सालोमालो बेसूर असता तर त्याला कोणीही ओळखले असते. तो उत्तम गातो, आणि तरीही खोटे गातो, हे प्रेक्षकाच्या कानाला कळावयास हवे.

जिजाईची भूमिका चित्रपटात गौरीबाईंनी केली. त्या नामांकित नटी नव्हत्या, आणि त्यामुळेच ती जिजाई खऱ्या चुलीपाशी बसल्यासारखी दिसली. येथे संगीत रंगभूमीवरील कोणतीही कुलवधू मला चालत नाही. जयमाला शिलेदारांविषयी पूर्ण आदर बाळगून मी त्यांचे नाव खोडतो. तेथे विठाबाई नारायणगावकर हव्यात. उघड्या फडावर, हजारोंच्या गलक्यात पल्लेदार आवाज टाकण्याची सवय, आणि विठोबाला शिवी दिली तरी तीत घरोबा वाटावा अशी वाणी. अभंगाच्या समोर लावणीचा गळा उभा राहिला म्हणजे संसार आणि परमार्थ ह्यांचे भांडण निराळे लिहावे लागणार नाही. तमाशाला संगीत नाटकाच्या रंगपटात आजवर मागच्या दारानेच घेतले गेले. निदान मनोराज्यात तरी तो पुढच्या दाराने यावा.

उरले तुकोबा. पागनिस चित्रपटात येण्यापूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत, ही गोष्ट त्यांच्या तुकारामाच्या विचारात फार महत्त्वाची आहे. त्या अंगातील मार्दव, ती खाली वळणारी नजर, तो स्वर जोराने न लावण्याचा संकोच, हे पुरुषभूमिका करणाऱ्या नटाला सहज साधले नसते. ह्या वाटेने गेले की एकच नाव समोर येते : बालगंधर्व. लगेच कोणी ‘धर्मात्मा’ची आठवण देईल. १९३५ सालच्या त्या चित्रपटात व्ही. शांतारामांनी त्यांना एकनाथ केले आणि ते फिके पडले. पुढे मीराबाईच्या रूपात ते पडद्यावर आले, तेव्हा तर कॅमेऱ्याने त्यांचे वय लपविण्याचेही सौजन्य दाखविले नाही. परंतु हा निकाल नटाविरुद्ध आहे की कॅमेऱ्याविरुद्ध? बालगंधर्वांची कला समोरच्या माणसाच्या श्वासावर चाले. ‘कान्होपात्रा’त भक्तीचा आर्त सूर त्यांना गवसलेला होता. एकनाथ पडद्यावर फसले म्हणून तुकोबा रंगभूमीवर फसतीलच, असे म्हणणे तर्काला धरून नाही.

तरी माझ्या मनात एक धाकधूक आहे, आणि ती ‘संयुक्त मानापमाना’मुळे. स्वप्नातील पात्रयोजना प्रत्यक्षात उतरली असे मराठी रंगभूमीवर एकदा तरी झाले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एका रंगमंचावर उभे राहिले. त्याच वर्षी केशवराव वारले, आणि तो योग दंतकथा होऊन बसला. पण त्या रात्रीच्या हकीकती मी जितक्या वाचल्या, तितक्यांत पदांची आणि त्यांवरच्या दादेची वर्णने आहेत. खाडिलकरांच्या नाटकाचे त्या रात्री काय झाले, ह्याबद्दल कोणी फारसे लिहीत नाही. भामिनीला धैर्यधर उमगला की नाही, ही चौकशी करण्यास कोणाला सवड नव्हती. दोन गंगा एकत्र आल्या आणि नाव वाहून गेली.

माझ्या ‘तुकारामा’तही हा धोका आहेच. वसंतरावांच्या सालोमालोला टाळ्या पडाव्यात, वन्स मोअर मिळावेत. ते नाटकाच्या पथ्यावर पडेल. मात्र त्यानंतर तोच अभंग तुकोबांनी म्हटल्यावर सभागृहात कोणाचाही हात हलू नये. वैकुंठाला निघालेल्या माणसाला वन्स मोअर देऊन परत बोलावता येत नाही. बालगंधर्व तेवढे साधे गातील, ह्याविषयी मी निःशंक आहे. त्यांचे प्रेक्षक तेवढे गप्प बसतील की नाही, ते मला सांगता येत नाही.