भाषाशुद्धीचे दहा गुण

गेल्या हिवाळ्यात आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवसांचा विभागीय काव्यमहोत्सव झाला. पहिल्या दिवशी सकाळी नवोदितांसाठी कार्यशाळा, दुपारी स्पर्धा, रात्री निमंत्रितांचे कविसंमेलन. दुसऱ्या दिवशी पुन्हा काव्यवाचन आणि बक्षीस समारंभ. स्पर्धेच्या तीन परीक्षकांपैकी मी एक होतो. तेव्हा पुढे जी टीका आहे ती मांडवाबाहेर उभ्या असलेल्या माणसाची नाही. त्या मांडवात मी गळ्यात हार घालून घेतला होता, हे आधीच सांगितलेले बरे.

परीक्षकांना छापील तक्ता मिळाला : आशय 10, कल्पकता 10, भाषाशुद्धी 10, सादरीकरण 10. शिवाय नियम असे की, कविता 24 ओळींहून मोठी नसावी, स्वतःची असावी आणि ती गाऊ नये. वरवर पाहता यात आक्षेपार्ह काही नाही. स्पर्धक पुष्कळ आणि वेळ थोडा, तेव्हा काही बंधन हवेच. पण प्रत्येक नियमाच्या पोटात कवितेची एक व्याख्या दडलेली असते आणि ती कोणाच्या घरातून आली हे आपण विचारत नाही.

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकणारी एक मुलगी उभी राहिली. आजी जात्यावर भीमाच्या ओव्या म्हणायची. त्याच चालीवर तिने स्वतःची रचना केली होती. विषय हंडा, टँकर आणि वसतिगृहाचा रखडलेला प्रवेश. तिने चाल धरली आणि संयोजकांनी तिला थांबवले, "म्हणू नका, वाचा." ती वाचू लागली आणि दोन ओळींत अडखळली. अडखळणारच! जात्याच्या फेऱ्याबरोबर आणि श्वासाबरोबर जी ओळ बांधली जाते, ती सपाट वाचली की मोडते. मी गुण दिले : आशय 8, कल्पकता 7, भाषाशुद्धी 3, सादरीकरण 4. एकूण 22. तिच्यानंतर एका मुलाने पावसावर कविता वाचली. तिच्यात पाऊस होता, पण कोणाच्याही छपरातून तो गळत नव्हता. माझे गुण : 6, 7, 9, 9. एकूण 31.

तिला भाषेचे तीनच का दिले? ती 'पानी' म्हणाली, 'व्हतं' म्हणाली, म्हणून. माझ्या आईच्या तोंडात आजही 'पानी'च आहे. शाळेत त्या 'न'साठी मी छड्या खाल्ल्या आणि पुढे पदवी, नोकरी, खुर्ची मिळवली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्याच छडीने मी त्या मुलीचे सात गुण कापले. तेव्हा मला काही खटकलेही नाही, ही खरी चिंतेची गोष्ट.

1885 साली ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारले. जे लोक माणसांचे हक्क उघडपणे मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसत नाही, असा त्यांचा सरळ मुद्दा होता. 1958 साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, अण्णाभाऊ साठ्यांनी त्याचे उद्घाटन केले. आपली वेगळी बैठक का हवी, हे तिथे कृतीनेच सिद्ध झाले. आज स्थिती बदलली आहे. आपल्याला निमंत्रण येते, हारही येतो. आले नाहीत ते आपले निकष. आपला माणूस परीक्षक झाला म्हणजे परीक्षा आपली झाली, या भ्रमात आपण आहोत.

या तक्त्यावर आपली परंपरा मोजून पाहा. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' 1972 साली आला. त्याला प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातली शब्दसृष्टी परकी होती; ती समजून घेण्याचे कष्ट त्यांनी घेतले. आमच्या स्पर्धेत त्या भाषेला दहापैकी किती मिळाले असते? वामनदादा कर्डक मोठेपणी मुंबईत अक्षर ओळखायला शिकले आणि त्यांची गाणी गावोगाव पोचली. 'गाऊ नये' हा नियम त्यांना दारातच अडवतो. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत दलित स्त्रियांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या आहेत. त्या बायांपैकी कोणीही आमची प्रवेशिका भरू शकली नसती.

दोष संयोजकांच्याच माथी मारून आपली सुटका नाही. रात्रीच्या संमेलनात आपला एक कवी होता. त्याला अगदी शेवटी बोलावले. निम्मा मांडव उठून गेला होता. हा अन्याय खरा. पण त्याने वाचले काय? सूर्य, मशाल, वणवा, आणि टाळ्यांसाठी थांबण्याच्या जागा. आपल्याकडून आक्रोश अपेक्षित आहे हे कळल्यावर आपण तो पुरवू लागलो, तर तो विद्रोह राहत नाही, फर्माईश होते. दुपारच्या त्या मुलीच्या हंड्यात जितके जगणे होते, तितके त्या वणव्यात नव्हते.

कार्यशाळेचेही तसेच. वृत्त आणि मात्रा शिकवल्या, याबद्दल माझी तक्रार नाही. वामनदादांची रचना किती काटेकोर आहे ते पाहिले, तर मुक्तछंदाच्या नावाखाली चालणारा आपला आळस लक्षात येईल. तक्रार आहे ती सरावाच्या विषयाबद्दल : सर्वांनी 'श्रावण' या विषयावर चार ओळी लिहायच्या. ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या मुलाला मोळी, कोयता, उचल यांवर चार ओळी लिहायला सांगितल्या असत्या, तर त्याच मात्रा त्याला अधिक लवकर कळल्या असत्या.

माझे एक सहकारी विचारतात, "मग निकषच नकोत का?" निकष हवेतच. पण शब्द प्रमाण आहे का, याऐवजी तो अनुभवाला नेमका आहे का, हे विचारावे. ओवी, गाणे, जलशाची रचना तिच्या स्वभावाप्रमाणे सादर करू द्यावी. परीक्षकाने गुणांबरोबर दोन ओळींचे कारण लिहावे आणि ते स्पर्धकाच्या हाती द्यावे. कारण लिहावे लागले असते तर 'पानी'पुढे तीनचा आकडा टाकताना माझा हात अडखळला असता.

निकालानंतर ती मुलगी माझ्याकडे आली. "सर, माझं काय चुकलं?" मी म्हणालो, "पुढच्या वेळी नीट वाचायची तयारी कर." हे उत्तर खोटे होते. चूक तिची नव्हती. माझ्या हातातल्या तक्त्याची होती आणि तो न तपासता भरणाऱ्या माझी होती. वरील तिन्ही बदल मी संयोजकांना लेखी कळवले आहेत. ते झाले तर पुढल्या वर्षी परीक्षकाच्या खुर्चीत बसेन. नाही झाले तर त्या मुलीसारख्या दहाजणींना घेऊन आमच्या वस्तीतल्या विहारात बसेन. तिथे गायला मनाई नाही.