सुटा कागद आणि अख्खा रुमाल

उत्तर-मध्ययुगीन युरोपची ‘अस्सल साधने’ विद्यार्थ्यांपुढे ठेवणारी संकलने हल्ली धडाधड निघताहेत. एक चाळले की सगळी चाळल्यासारखी होतात. काफ्फाच्या वेढ्यातल्या प्लेगला दीड पान, बोकाचोच्या फ्लॉरेन्सला दोन, जोन ऑफ आर्कची थोडी जबानी, फ्रुआसारच्या बखरीतली थोडी मारामारी, आणि प्रत्येक उताऱ्याखाली चार प्रश्न: लेखकाचा दृष्टिकोन कोणता? विश्वसनीयता किती? काफ्फाची हकीकत लिहिणारा गाब्रिएले दे मुसिस त्या वेळी पिआचेन्झात बसून नोटरीचे काम करत होता, हे एकोणिसाव्या शतकातच उघड झाले. बोकाचोने आपल्या वर्णनाचा बराच साचा आठव्या शतकातल्या पॉल द डीकनकडून उचलला, हेही जुनेच. तरी तटबंदीवरून आत भिरकावलेले मुडदे संकलनाच्या पहिल्या पानावरून काही हलत नाहीत. तळटीप असते, नाही असे नाही. पण तळटीप वाचून मुडदे विसरलेला विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे.

या उतारेबाजीचा मला राग येतो, कारण नेमक्या याच काळात या विषयातले उत्तम काम उलट्या दिशेने चालले आहे. चॉसरचे प्रकरण घ्या. मे १३८० च्या एका कागदात सिसिली चॉम्पेन नावाची बाई चॉसरला एका दाव्यातून मोकळे करते. दावा असा, की त्यातून बलात्कारही निघावा आणि अपहरणही. फर्निव्हलने १८७३ मध्ये हा कागद उजेडात आणला, तेव्हापासून जवळजवळ दीडशे वर्षे इंग्रजी कवितेच्या आद्य पुरुषाचे चारित्र्य त्या कागदाला टांगून राहिले. कुणी त्याला सोडवले, कुणी फासावर दिले. १९९३ मध्ये ख्रिस्तोफर कॅनन यांना राजाच्या न्यायालयाच्या नोंदीत याच मोकळीकीची दुसरी, जरा सौम्य नोंद सापडली, आणि वाद आणखी पेटला.

२०२२ मध्ये यूअन रॉजर आणि सेबॅस्टियन सोबेकी यांनी त्याच खटल्याचे आधीचे कागद पुढे आणले. त्यांत फिर्यादी तिसराच निघाला: टॉमस स्टॉन्डन. सिसिली त्याच्याकडे नोकरीला होती, ती मुदतीआधी काम सोडून चॉसरकडे गेली, अशी त्याची तक्रार. दावा चालला तो प्लेगनंतर मजूर टिकवण्यासाठी केलेल्या कायद्याखाली, आणि त्यात सिसिली व चॉसर दोघे एकाच बाजूला, प्रतिवादी म्हणून उभे. रॉजर-सोबेकींचा निष्कर्ष सगळ्यांना पटला आहे असे नाही. एका कागदामुळे सगळी शंका फिटते असे समजू नये, हा स्त्रीवादी अभ्यासकांचा इशारा रास्तच आहे. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळे. दीडशे वर्षे जो कागद स्वतः बोलतो असे धरले गेले, तो एका मोठ्या भांडणाचे शेवटचे पान होता. आधीची पाने राजाच्या न्यायालयाच्या दप्तरांत पडून होती. कारकुनाची दप्तरे लावायची रीत ज्याला ठाऊक, त्याला ती सापडली.

असे काम करणाऱ्यांना मी या विषयातले खरे पुढारी मानतो. जस्टीन फर्नहॅबर-बेकर यांचे १३५८ च्या फ्रेंच शेतकरी-बंडावरचे २०२१ चे पुस्तक याच जातीचे. फ्रुआसारने झॉं ल बेलकडून घेतलेली, सरदाराला सळईवर भाजल्याची कथा त्या बाजूला ठेवतात आणि राजाच्या माफीपत्रांकडे वळतात. पण माफीपत्राला जनतेचा आवाज म्हणत नाहीत. ते मिळवायला अर्ज लागे, पैसा लागे, आणि अर्जात काय लिहिले तर माफी मिळते हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक असे. हे सगळे हिशेबात धरून मग गावोगावची नावे एकमेकांशी जुळवली जातात. असे काम उताऱ्यातून होत नाही.

बाकीच्यांबद्दल फार लिहावेसे वाटत नाही. बार्बरा टकमनचे चौदावे शतक वाचायला झकास. पण ते फ्रुआसारचे चौदावे शतक आहे. हुइझिंगाची शैली अमर आहे आणि त्याचे शेतकरी अदृश्य आहेत. सगळेच संहिता, बाहेर काही नाही, असे म्हणणाऱ्यांनी एकदा किरगिझस्तानातल्या इस्सिक-कूलजवळच्या थडग्यांकडे बघावे. तिथल्या ४६७ दिनांकित दगडांपैकी ११८ एकट्या १३३८-३९ या दोन वर्षांचे. काहींवर सिरिअक लिपीत साथीचा उल्लेख, आणि २०२२ मध्ये त्याच थडग्यांतल्या दातांत प्लेगचा जंतू सापडला. संहितेबाहेर दात होते.

उरला एमान्युएल ल र्वा लादुरी. २०२३ मध्ये तो गेला तेव्हा ‘मोंतायू’चे पुन्हा गोडवे गायले गेले, तेही न वाचता. पुस्तक थोर आहे, यात वाद नाही. पामिएचा बिशप झाक फुर्निए, जो पुढे पोप झाला, त्याने १३१८ ते १३२५ या काळात पाखंड्यांच्या जबान्या घेतल्या. त्यांतून पिरेनीजमधले एक खेडे लादुरीने १९७५ मध्ये उभे केले. उवा मारता मारता चाललेल्या गप्पा, मेंढपाळांची बिऱ्हाडे, पाद्र्याची लफडी, सगळे त्यात आले. पण हे सगळे त्याने विषयवार मांडले, घर, देह, मरण, काळ असे, आणि बिशपला जणू मानववंशशास्त्रज्ञ करून टाकले. तिथेच खटला गळाला.

बेआत्रिस द प्लानिसोलचे उदाहरण बघण्यासारखे आहे. तिच्या सामानात नातवंडांच्या वाळलेल्या नाळा होत्या आणि मुलीच्या पहिल्या विटाळाच्या रक्ताचे कापड होते. नाळ जवळ असली की कज्जा हरत नाही, आणि ते रक्त नवऱ्याला पाजले की तो दुसरीकडे बघत नाही, हे तिने स्वतः सांगितले. लोकसमजुतींच्या प्रकरणात हे छान बसते. पण ते नोंदले का गेले? १३२० च्या उन्हाळ्यात तिला बोलावणे आले, एकदा हजर होऊन ती पळाली, पुढे पकडली गेली, तिचा प्रियकर पाद्रीही पकडला गेला, आणि झडतीत तिचे बोचके उघडले गेले. फुर्निएने वस्तू एकेक करून पुढे ठेवल्या: हे काय, ते कशाला? जादूटोण्याचा संशय डोक्यावर असताना ती उत्तरे देत होती, तीही ओक्सितान बोलीत. कारकुनाने ती लॅटिनमध्ये टिपली, मसुदा केला, तिला तिच्या बोलीत वाचून दाखवला, दुरुस्त केला आणि मग चर्मपत्रावर पक्की नक्कल उतरवली. या साखळीतली एक कडी काढली तरी नाळेचा अर्थ बदलतो. संकलनवाला सगळ्या कड्या काढतो आणि नाळ तेवढी ठेवतो.

मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागावे, याचे मला नवल वाटते. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक इथल्या हौशी संशोधकालाही कळतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालात बांधलेले असतात, आणि कुठला कागद कोणत्या रुमालात निघाला यावर निम्मा अर्थ ठरतो, हे मोडी वाचणारा कुणीही सांगेल. मात्र युरोपची पाळी आली की आमचेच प्राध्यापक वर्गात उताऱ्यांच्या झेरॉक्स वाटतात. स्वतःच्या इतिहासात जी शिस्त, ती परक्याच्या इतिहासात सैल कशी चालते?

आता तर हस्ताक्षर वाचणारी यंत्रे आली आहेत. नाव टंकले की हजारो पानांतून ओळ समोर. रॉजर-सोबेकींसारख्यांच्या हाती ती वरदान ठरतील. उतारेवाल्यांच्या हाती ती आणखी बारीक उतारे पाडतील. दीड पानाऐवजी दीड ओळ. नोंदीच्या आधी काय, नंतर काय, समासात कुणाचा शेरा, हे शोधाच्या पेटीत टंकता येत नाही. अख्ख्या दप्तराचे मोल १३८१ च्या इंग्लिश बंडखोरांना उतारेवाल्यांपेक्षा जास्त कळत होते. जमीनदारांच्या न्यायालयांच्या नोंदी त्यांनी गठ्ठेच्या गठ्ठे जाळल्या.

म्हणून संकलनकारांना माझे सांगणे एवढेच. पुढच्या आवृत्तीतून सगळे उतारे काढा आणि एकच प्रकरण छापा, बेआत्रिसचेच छापा: पहिल्या समन्सपासून १३२२ मध्ये पिवळे क्रूस अंगावर घेऊन ती तुरुंगातून सुटली तिथपर्यंत, शेजारी तिच्या पाद्र्याची जबानी, आणि कारकुनाचे ठरीव मायने एकही न गाळता. पुस्तक खपणार नाही, मुले कंटाळतील, असे प्रकाशक म्हणेल. मायने तिसऱ्यांदा आले की कंटाळा येतोच. चौथ्यांदा एखादा मायना बदललेला दिसतो, आणि तो का बदलला हे विचारणारी दोन मुले वर्गात निघाली तरी मला पुरे.