मुलांच्या चित्रपटाला बक्षीस कशाचे?

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन परतले. ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे यायला अजून वर्ष होते. त्याआधी त्यांनी एक छोटासा चित्रपट केला. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाचे थोडेथोडे चित्रण केले. पडद्यावर ही सारी वाढ सुमारे मिनिटभरात दिसली. हीच ‘अंकुराची वाढ’. ती पाहून त्यांना पुढच्या चित्रपटासाठी भांडवल मिळाले. भारतीय चित्रपटाच्या जनकाचा पहिला धडा असा वनस्पतिशास्त्राचा होता.

या चित्रपटाविषयी ‘रोज एक चौकट टिपली’ असे पुष्कळदा वाचायला मिळते. शिक्षकांनी हे विधान वर्गात तपासून पाहावे. हाताने फिरवायच्या त्या काळच्या कॅमेऱ्यात सेकंदाला साधारण १६ चौकटी जात. म्हणजे एका मिनिटाला ९६० चौकटी हव्यात. रोज एकच टिपली तर महिन्याच्या ३० चौकटी पडद्यावर दोन सेकंदांतच संपतील. मिनिटभराच्या चित्रपटासाठी महिनाभर रोज ३२ चौकटी, म्हणजे रात्रंदिवस दर ४५ मिनिटांनी एक, एवढी चिकाटी लागेल. तेव्हा रोज एकाहून बऱ्याच जास्त चौकटी टिपल्या गेल्या असणार, हे आठवीचा विद्यार्थीही सांगू शकेल. तो चित्रपट आज पाहायला मिळत नाही, पण त्याच्याविषयीचे विधान गुणाकार-भागाकाराने पारखता येते.

हे आठवण्याचे कारण असे, की शाळकरी मुलांनी केलेल्या चित्रपटांचे महोत्सव आता आपल्याला नवे राहिलेले नाहीत. हैदराबादला दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय बालचित्रपट महोत्सवात २०१३ साली ‘लिटल डायरेक्टर्स’ हा मुलांनी केलेल्या चित्रपटांचा विभाग आला. विज्ञान प्रसार या संस्थेच्या राष्ट्रीय विज्ञान चित्रपट महोत्सवातही शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘रेनबो’ नावाचा विभाग होता. तो महोत्सव २०१६ साली मुंबईत भरला होता. पुढे या मोठ्या घरांची दारे एकेक करून मिटली. १९८४ पासून मुलांसाठी कार्यक्रम करणारी पुण्याची बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली. १९५५ साली स्थापन झालेली बालचित्र समिती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. विज्ञान प्रसारचे काम २०२३ मध्ये थांबले. कॅमेरा मात्र याच काळात मोबाइलच्या रूपाने घरोघरी पोचला. मुलांच्या चित्रपटांची जबाबदारी आता जिल्ह्यावर, तालुक्यावर आणि शाळेवर येऊन पडली आहे. म्हणून असा महोत्सव बीडसारख्या जिल्ह्यात भरवायचा झाला तर तो कसा असावा, याचा विचार आधीच झालेला बरा.

शाळांकडून येणारे लघुपट ज्यांनी थोडेफार पाहिले आहेत, त्यांना पुढचा नमुना ओळखीचा वाटेल. विषय पाण्याचा. सुरुवातीला भेगाळलेली जमीन, मागे बासरी. मग रिकामी घागर, आकाशाकडे पाहणारे आजोबा, त्यांचे पाणावलेले डोळे. शेवटी सगळी मुले एका सुरात घोषवाक्य म्हणतात आणि पडद्यावर ‘पाणी वाचवा’ ही अक्षरे येतात. चित्रण स्वच्छ असते, संकलन सफाईदार असते, परीक्षक खूश होतात. पण चित्रपट संपल्यावर एक साधा प्रश्न विचारून पाहावा: या मुलांना सुरुवातीला ठाऊक नव्हते असे काय त्यांना शेवटी कळले? बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. गावातल्या विहिरीत पाणी किती हात खाली गेले, कोणत्या महिन्यात गेले, शेजारच्या बोअरचा तिच्याशी काही संबंध आहे का, यांतले काहीच कॅमेऱ्याने पाहिलेले नसते. निष्कर्ष आधी ठरला होता, चित्रे मागाहून जमवली. प्रयोगवहीत कोणी असे केले तर आपण गुण कापतो. चित्रपटात केले तर ढाल देतो.

यात मुलांचा दोष नाही. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत ‘संदेश’, ‘अभिनय’, ‘तांत्रिक सफाई’ असे रकाने असतील आणि ‘निरीक्षण’ हा रकानाच नसेल, तर शाळा संदेशच पाठवणार. शिक्षकांवरही अहवालाचा आणि वेळेचा ताण असतो. मग संहिता गुरुजी लिहितात, संकलन बाहेरचा कोणी करतो आणि मुलाच्या वाट्याला पाठ केलेली दोन वाक्ये येतात.

याउलट एक कल्पना करून पाहा. बीड शहराजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकातली. तिचे पाणी भुयारी मार्गाने, नुसत्या जमिनीच्या उताराचा फायदा घेऊन शेतांकडे नेलेले आहे. ‘हिची पातळी कधी बदलत नाही’ असे लोक अभिमानाने सांगतात. एखाद्या शाळेने मोठ्या माणसाला सोबत घेऊन, दर पंधरवड्याला एकाच जागेवरून, पायरीवर केलेल्या एकाच खुणेसह या पाण्याचे दहा सेकंदांचे चित्रण केले, तर वर्षाअखेरीस चार मिनिटांचा चित्रपट होईल. त्यात ना आजोबांचे अश्रू असतील, ना बासरी. पण लोकांचे म्हणणे खरे की अर्धवट खरे, हे त्यावरून कळेल. खरे ठरले तर ‘असे का?’ हा त्याहून मोठा प्रश्न हाती येईल.

फाळक्यांचा धडाही शाळेत गिरवता येतो. काचेच्या पेल्यात टीपकागद आणि मटकी, दोन विटांमध्ये अडकवलेला मोबाइल, आणि शाळेच्या पाच तासांत दर अर्ध्या तासाला एक छायाचित्र. दिवसाला दहा, बारा दिवसांत १२०. सेकंदाला १२ या वेगाने दाखवली तर दहा सेकंदांचा चित्रपट तयार. तो पाहताना मुलांना एक गंमत दिसेल: रोज सकाळी कोंब एकदम उडी मारून पुढे गेलेला असतो. कारण रात्रीची छायाचित्रेच नाहीत. ही उडी काही जण दोष मानतील. माझ्या मते तेच त्या चित्रपटाचे सर्वांत मोलाचे ठिकाण. कोंब रात्री किती वाढला आणि दिवसा किती, हा प्रश्न तिथेच जन्माला येतो. पुढच्या वेळी कोणीतरी पट्टी घेऊन संध्याकाळी आणि सकाळी मोजमाप करील.

आता सर्वांत अडचणीच्या मुद्द्याकडे येऊ. हैदराबादचा महोत्सव १४ नोव्हेंबरच्या बालदिनाला जोडून होत असे. मुंबईचा विज्ञान चित्रपट महोत्सव फेब्रुवारीत झाला. आपली विज्ञान प्रदर्शनेही बहुधा डिसेंबर-जानेवारीत असतात. बीड जिल्ह्यात या महिन्यांचा अर्थ वेगळा आहे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर जातात आणि बहुतेक उन्हाळ्यातच परततात. काही मुले गावातल्या हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे राहतात, काही आई-वडिलांबरोबर जातात. जानेवारीत भरणाऱ्या महोत्सवात या मुलांवरचा चित्रपट असेल. त्यांनी केलेला चित्रपट मात्र नसेल. ज्याने कोयता जवळून पाहिला, मोळी कशी बांधतात आणि पहाटे गाडी कशी भरतात हे ज्याला डोळे मिटून सांगता येते, तोच मुलगा पडद्याच्या पलीकडे राहील आणि गावात राहिलेली मुले त्याच्या दुःखाला पार्श्वसंगीत लावतील. हे अन्यायाचे आहे, शिवाय निरीक्षण म्हणूनही कच्चे आहे.

उपाय खर्चाचा नाही, तारखेचा आहे. मराठवाड्याला १७ सप्टेंबर हा मुक्तिसंग्राम दिन आहेच. महोत्सव त्या आठवड्यात भरवावा. जूनमध्ये शाळा उघडल्यापासून तीन महिने मिळतात आणि पटावरची मुले गावात असतात. पाऊस, ओढ्याचे गढूळ पाणी, कोंब, सोयाबीनवर चढणाऱ्या गोगलगायी, बालाघाटच्या डोंगरावरची सीताफळाची फुले-फळे, हे सगळे याच दिवसांत डोळ्यांसमोर असते. फडावरून परतलेल्या मुलांनी तिथले चित्र काढून, वस्तू मांडून सांगितलेली हकीकतही चित्रपटच आहे. मात्र कोणाचे घर-दार दाखवले असेल तर तो चित्रपट आधी त्या घराला दाखवावा आणि त्यांनी नको म्हटले तर नको.

गुणपत्रिकाही बदलावी लागेल. परीक्षकांनी तीनच प्रश्न विचारावेत. मुलांनी स्वतः काय पाहिले? किती काळ पाहिले? त्यांचे म्हणणे दुसऱ्या कोणाला तपासता येईल का? चित्रपटाबरोबर मुलांच्या हस्ताक्षरातली नोंदवही मागावी आणि चित्रपटाइतकेच गुण तिला द्यावेत.

कोणी म्हणेल, अशाने चित्रपट रुक्ष होतील, कलेला जागा उरणार नाही. हा आक्षेप गंभीर आहे. फाळके स्वतःही वाटाण्यावर थांबले नाहीत, हरिश्चंद्राकडे गेले. गोष्टीला, गाण्याला, अभिनयाला जागा हवीच आणि स्नेहसंमेलनात ती आहे. पण गोष्ट सांगण्याआधी त्यांनी महिनाभर एका कुंडीकडे पाहिले होते, हा क्रम विसरू नये. पाहायला शिकलेल्या मुलाची गोष्टही पुढे अधिक खरी होते.

येत्या जूनमध्ये एखाद्या शाळेने एवढेच करून पाहावे: एक पेला, एक मोबाइल, बारा दिवस. ढाल मिळो न मिळो, तेराव्या दिवशी वर्गात जो प्रश्न निघेल तो जपून ठेवावा.