पंख्याची बाजू

आमच्या चिरंजीवांनी गेमिंगचा लॅपटॉप घेतला, तेव्हा त्याच्याबरोबर एक राइस मिलही घरात शिरते आहे हे मला कळले नाही. गोंदियात मिलच्या घरघरीचे कुणाला कौतुक नाही. पण ती मिल निदान तांदूळ तरी देते!

तरी यंत्राचे परीक्षण निःपक्षपातीच व्हायला हवे. पडदा देखणा, वेग झकास, कीबोर्डाखालची रोषणाई गणपतीच्या मांडवाला लाजवील अशी. मात्र सोबतच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत एक वाक्य आहे : भोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे. आमच्याकडे नवतपात पारा ४५ च्या आसपास रेंगाळतो! मग खोक्यावर ‘उन्हाळा वगळून’ असे ठळक छापायला काय हरकत होती?

चिरंजीव मात्र पंख्यावरच डाफरतात. अहो, प्रोसेसर शंभर अंशांच्या घरात गेला की आपणहून वेग आवरतो आणि खेळ अडखळतो. ते टळावे म्हणून तो बिचारा जीव तोडून फिरतो. गादीवर ठेवून त्याच्या खालच्या जाळ्या कोणी बुजवल्या? दोन उन्हाळ्यांची धूळ कोणी जमवली?

शेवटी धूळ काढली, मागच्या बाजूला दोन जाड पुस्तके सारली, खेळाची चित्रे सेकंदाला साठांवर आणली. गिरणीची पिठाची चक्की झाली, एवढेच.

जूनमध्ये चिरंजीव यंत्रासकट पुण्याला नोकरीवर गेले. तिथे म्हणे पंखा ऐकूसुद्धा येत नाही. इथे त्या खोलीत फार शांत वाटते. झोप मात्र अजून लागत नाही.