जाहिरातीतलं कुटुंब आणि आमचं

जाहिरातीतल्या कुटुंबाशी माझं भांडण फार जुनं आहे. दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ जानेवारी १९७६ ला. आमच्या घरी टीव्ही आला तो त्यानंतर आठ वर्षांनी, तोही हप्त्यावर. पण तो आला त्याच संध्याकाळी हे दुसरं कुटुंब आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत राहायला आलं, आणि ते अजून गेलेलं नाही.

या कुटुंबाची रचना तुम्हाला ठाऊकच आहे. बाबा, आई, एक मुलगा, एक मुलगी आणि कोपऱ्यात गालातल्या गालात हसणारी आजी. या आजीला एरवी गुडघे नसतात, गुडघ्याच्या तेलाची जाहिरात असेल तेवढ्यापुरते येतात. बाबा ऑफिसातून परततात ते शर्टाची इस्त्री न मोडता. (मी सहा-बावन्नची लोकल पकडून यायचो. माझी इस्त्री ठाण्यालाच उतरून जायची.) मुलगा चिखलात लोळून येतो आणि आई त्याच्याकडे पाहून चक्क हसते! आमच्याकडे असा चिखल घरात आला, की आधी चिरंजीव धुतले जायचे, शर्टाची पाळी नंतर.

इथपर्यंत गंमत होती. पण वर्षानुवर्षं बघत राहिल्यावर माझ्या लक्षात आलं, की या हसऱ्या घरात एक खटला कायम चालू असतो आणि त्यात आरोपी एकच, आई. कॉलर मळकी? आईचं चुकलं. पोराची उंची वाढत नाही? आईचं लक्ष नाही. फरशीवर जंतू? विचारायलाच नको. बाबांना या कोर्टात साक्षीलासुद्धा बोलावत नाहीत.

एकदा आमच्या चिरंजीवांना गणितात शंभरपैकी एकतीस मार्क पडले. रात्री दिवा मालवल्यावर सौ. हळूच म्हणाली, ‘‘अहो, आपण त्याला दुधातून काहीतरी द्यायला हवं होतं का? सगळे देतात.’’

आता त्याचं गणित रोज संध्याकाळी मी घेत होतो. म्हणजे गुन्हा कुणाचा हे उघड होतं. पण मी गप्प बसलो. नुसता गप्प बसलो नाही, तर ‘बघू’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिने घरखर्चातून पैसे काढून एक डबा आणला. डबे वर्षभर येत राहिले. गणित होतं तिथेच राहिलं.

पुढे एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना कळवलं, की अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली विकू नका, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी काही व्याख्याच नाही. ते वाचून मी पेपर घेऊन स्वयंपाकघरात धावलो. म्हटलं, ‘‘अगं, सुटलीस! निर्दोष!’’

ती पोळी उलटत म्हणाली, ‘‘एकतीस मार्कांतून ना? ते मला तेव्हाच माहीत होतं. तुम्ही कधी म्हणता ते बघत होते.’’

चाळीस वर्षं!

तरी एक कबूल करायला हवं. त्या काळातल्या जाहिराती निदान दारावरची बेल वाजवून घरात यायच्या. आता जाहिरात येतेय, हे लहान पोरालाही कळायचं. त्यातल्या सर्फच्या ललिताजी तर मला मनापासून आवडायच्या. अॅलेक पदमसींची ती निर्मिती आणि कविता चौधरींचं ते काम. बाजारात स्वस्त पावडर जोरात खपत होती, तेव्हा ही बाई भाजीवाल्याशी घासाघीस करून मग महागडी पावडर का घेते, ते ठणकावून सांगायची. पटो न पटो, ती वाद घालायची. वाद घालणाऱ्या माणसाला उलट उत्तर देता येतं. मी द्यायचोही, टीव्हीसमोर बसून.

आताच्या जाहिरातीला उत्तर कुठे द्यायचं, तेच कळत नाही. कारण ती जाहिरात आहे हेच ती सांगत नाही. फोनवर एक गोड मुलगी ‘तुमच्याशी एक सिक्रेट शेअर करते’ म्हणते, आणि मी मान पुढे करतो. पाहतो तर सिक्रेट म्हणजे साबण. फुकट मिळालेल्या वस्तूचं कौतुक करताना ‘ही जाहिरात आहे’ असं स्पष्ट सांगा, असा नियम जाहिरातवाल्यांच्याच मानक परिषदेने २०२१ मध्ये केला. ती सूचना असते, नाही असं नाही. पण ती शोधायला मला चष्मा लागतो आणि चष्मा सापडेपर्यंत सौ.ने साबण मागवलेला असतो.

बटणांचंही तसंच. ‘विमा हवा’ आणि ‘नको, मी असुरक्षितच राहीन’! अहो, विमा नको म्हणणाऱ्याने स्वतःच्या जिवावर पाणी सोडल्याची कबुली का द्यायची? या प्रकाराला नाव आहे, ‘कन्फर्म शेमिंग’. २०२३ मध्ये सरकारने अशा तेरा युक्त्यांची यादी करून त्यांना बंदी घातली. मी ती यादी वाचली. त्यातल्या निम्म्यांना तरी मी स्वतः फसलो होतो.

आणि आता तर जाहिरातीतलं कुटुंब शोधायला नट लागत नाहीत. घरचीच माणसं चालतात. अमेरिकेत रायन नावाच्या मुलाने २०१५ पासून, चार वर्षांचा असल्यापासून, कॅमेऱ्यासमोर खेळण्यांची खोकी उघडली. २०१८ मध्ये यूट्यूबवर सर्वाधिक कमाई करणारा म्हणून फोर्ब्सने त्याचं नाव छापलं. फ्रान्सने २०२० मध्ये कायदाच केला, की अशा मुलांची कमाई ती सज्ञान होईपर्यंत जपून ठेवावी. पैसे जपता येतील हो. बाकीचं कोण जपणार?

हे मी का विचारतोय सांगतो. आमच्या सूनबाईंच्या व्हिडिओंना बऱ्यापैकी प्रेक्षक आहेत. मागल्या महिन्यात एक बिस्किटांचा मोठा डबा फुकट आला. अट एवढीच, की सगळ्या कुटुंबाने खाताना हसायचं. आम्ही सोफ्यावर ओळीने बसलो. मी बरोबर आजीच्या कोपऱ्यात. तेवढ्यात आमच्या सहा वर्षांच्या नातीने शाळेतला एक विनोद सांगितला आणि मी खदखदून हसलो.

‘‘आजोबा, थांबा ना! अजून रेकॉर्डिंग नाही झालं!’’ ती म्हणाली. मग माझ्याकडे निरखून बघत तिने विचारलं, ‘‘हे तुमचं खरं हसणं होतं का व्हिडिओचं?’’

आमच्या लहानपणी हसण्याच्या दोन जाती नव्हत्या. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत एकतीस मार्क होते. या वेळी मी ‘बघू’ म्हणालो नाही.

‘‘सूनबाई,’’ मी म्हणालो, ‘‘तुझी हौस मला कळते. तू छान बोलतेस. मला हवं तेवढं नाचव. पण हिला यातून वगळ. तिला हा प्रश्न पडायला नको.’’

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘खरंय बाबा. पण आता हा डबा परत पाठवू?’’

‘‘परत कशाला?’’ सौ. म्हणाली. ‘‘किंमत लिहिलीय ना त्यावर? पैसे देऊन टाक त्यांना. बिस्किटं बरी आहेत.’’

पैसे पाठवले. कंपनीला याचा अर्थ अजून लागलेला नाही. नातीने तोच विनोद पुन्हा सांगितला आणि मी पुन्हा हसलो. ते कुणी रेकॉर्ड केलं नाही, तेव्हा तुम्हाला माझ्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागेल. बिस्किटं मात्र खरोखरच बरी होती. पैसे मोजलेले असल्यामुळे हे मी कोणतीही सूचना न लावता सांगू शकतो.