मनोऱ्याखालचा भाजीबाजार

एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात टाउन हॉल म्हटला की हिराबाग. व्याख्याने तिथेच, सत्कारही तिथेच. राष्ट्रीय सभेचे 1885 सालचे पहिले अधिवेशनसुद्धा याच परिसरात भरायचे होते, पण पटकीची साथ आली आणि ते मुंबईला गेले. माझ्या लेखी मात्र पुण्याचा खरा टाउन हॉल शुक्रवार पेठेत आहे आणि तिथे आजही मेथीच्या जुड्या विकल्या जातात.

5 ऑक्टोबर 1886 रोजी गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते उघडलेली ही रे मार्केटची इमारत म्हणजे आपली मंडई. तोवर भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात, ऊन-पाऊस झेलत भरे. खासगीवाल्यांच्या जागेवर ही दगडी वास्तू वासुदेव बापूजी कानिटकरांनी उभी केली. पुढे फर्ग्युसन कॉलेजची मुख्य इमारत बांधणारेही तेच.

मंडई बाहेरून नुसती देखणी दिसते, तिचे मर्म आत गेल्यावर कळते. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून आठ दिशांना निघालेल्या आठ लांब पाखा. कुठल्याही पाखेतून शिरा, पावले मध्यावरच येतात. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचा मनोरा रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. पुण्याचा मनोरा बाजाराच्या पोटातून वर आला आहे. मला पुण्याची रचना अधिक विचारी वाटते, कारण इथली सगळ्यांत उंच गोष्ट सर्वांच्या मालकीच्या जागी आहे.

काळ्या दगडाच्या टोकदार कमानी आणि मनोऱ्याचे निमुळते छप्पर हा गॉथिक थाट विलायती खरा. पण दगड इथला, आणि त्याखालची बैठकही अस्सल इथली. विक्रेते उंच दगडी ओट्यावर मांडी घालून बसतात. पुढ्यात वांगी, गवार, घेवडा पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेला असतो. गिऱ्हाईक खाली उभे, विकणारी बाई वर. भाव विचारायला मान वर करावी लागते. ज्याचा माल त्याचे आसन उंच, ही या वास्तूतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

या बाजाराच्या वरच नगरपालिकेची कचेरी होती. शहराचा कारभार पाहणाऱ्यांच्या कानावर खालचा गलका येत असणारच. कारभार आणि बाजार असे एका छपराखाली नांदलेले मला फार मोलाचे वाटते. 1950 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि आज तिचा कारभार शिवाजीनगरहून, नदीकाठच्या इमारतीतून चालतो. सोय झाली असेल, पण शेजार तुटला.

या बांधकामाला नगरपालिकेतच कडाडून विरोध झाला होता. जोतीराव फुले आणि हरी रावजी चिपळूणकर यांचे म्हणणे होते की एवढा पैसा बाजारावर घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा. फुले स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते, मांजरीला त्यांची शेती होती. दगड-चुन्याचा हिशेब आणि भाजीपाल्याचा व्यवहार दोन्ही जाणणाऱ्या माणसाचा हा विरोध होता. म्हणून त्याला अडाणी हट्ट म्हणून बाजूला सारता येत नाही, आणि इमारत आवडली तरी त्यांचा प्रश्न खोटा ठरत नाही.

1930 च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. विरोध करणाऱ्याचेच नाव त्या वास्तूला मिळाले. मला हा नामांतराचा ठराव त्या मनोऱ्याइतकाच उंच वाटतो: शहराने आपली इमारत राखली आणि तिच्यावर हरकत घेणाऱ्यालाही आपले म्हटले. आवारात लोकमान्यांचा पुतळा आहे. 1924 साली मोतीलाल नेहरूंनी त्याचे अनावरण केले. म्हणजे फुले आणि टिळक, पुण्यातल्या एका मोठ्या मतभेदाच्या दोन्ही बाजू, इथे एकाच अंगणात आहेत.

2024 च्या सप्टेंबरपासून मेट्रोचे मंडई स्थानक सुरू झाले आहे, तेव्हा गाडी लावायला जागा नाही ही सबब उरली नाही. सकाळी लवकर जा. एका पाखेतून शिरा, दुसरीतून बाहेर पडा, आणि मधल्या अष्टकोनात थोडे थांबा. भाजी मात्र त्या ओट्यांवरूनच घ्या. बाजार भरत राहिला तरच ही इमारत टिकेल.